विळीची धार आणि घरचा दगड

बिदर आणि कलबुर्गी ह्या दोन जिल्ह्यांना दगडाचा तोटा नाही. बिदरच्या किल्ल्याभोवतीचा खंदक तांबड्या जांभ्या दगडात खोदलेला आहे. त्या जांभ्याच्या खाली काळा पाषाण आहे. तेथून दक्षिणेस भीमेच्या खोऱ्यात उतरावे, तर शहाबाद, वाडी, चित्तापूर, सेडम ह्या पट्ट्यात जमिनीखालून थरच्या थर शहाबादी फरशी निघते. आणि ही फरशी इतकी दूरवर गेली आहे की, आमच्या मुलखाचे नाव ज्यांनी कधी ऐकले नाही, अशांच्याही पायाखाली आमचा मुलूख असतो. येथे पाटा दगडाचा, उखळ दगडाचे, ओटा दगडाचा, ओसरीची पायरी दगडाची. अशा घरांत विळी मात्र बोथट असावी, ह्याचे आम्हांला वर्षानुवर्षे नवल वाटत आले आहे.

हे नवल एखाद्या घरापुरते नाही. आळंद, बसवकल्याण, हुमनाबाद, भालकी, औराद ह्या तालुक्यांतील मराठी घरांत आमचे जाणे-येणे असते. पाहुणचार भरपूर होतो, आणि पाहुणचाराच्या निमित्ताने स्वयंपाकघरही दिसते. भोपळा फोडायचा म्हणजे दोन्ही हातांनी रेटा द्यायचा. टोमॅटो ठेवला की साल कापली न जाता आत दबते. कोथिंबीर चिरली जात नाही, चेंगरते आणि घटकाभरात काळी पडते. सुरीही घरोघरी असते. पण दुकानातून आणल्या दिवशी ती जितकी चालली, तितकी पुन्हा कधी चालली नाही. घरातली माणसे ह्याला सरावलेली असतात. बाहेरून आलेल्यालाच ते खुपते.

भालकी तालुक्यातल्या एका घरी आम्ही उतरलो होतो. घरच्या वडीलधाऱ्या बाई सत्तरीच्या पुढच्या; सगळे त्यांना काकू म्हणतात. त्या दिवशी अंबाडीची भाजी होती (कलबुर्गीकडे हिलाच पुंडी म्हणतात) आणि तिच्या जोडीला भोपळा. काकूंची बोटे संधिवाताने वाकलेली. भोपळ्याची एक फोड करताना त्या तीनदा थांबल्या. आम्ही विचारले, "काकू, विळीला धार का लावून घेत नाही?"

"धारवाला यायचा की दिवाळीच्या आधी. दोन वर्षं झाली, आलाच नाही बघा. पोराला सांगितलं, तर तो म्हणतो, नवा चाकू आणू या."

"आणि घरात दगड नाही?"

"आहे ना, न्हाणीच्या मागं पडलाय. मामंजी होते तोवर तेच लावायचे. ते काय आम्हां बायकांचं काम होय?"

काकूंच्या ह्या शेवटच्या वाक्यातच सगळे दुखणे आहे, असे आम्हांला वाटते, आणि हा लेख त्याच वाक्यासाठी लिहिला आहे. विळी वापरायची बाईने, रोज, दोन्ही वेळा. पण तिला धार लावायची पुरुषाने, किंवा लोहाराने, किंवा वाट चुकून दारी आलेल्या धारवाल्याने. त्याला सवड होईपर्यंत बाईने रेटत राहायचे.

पूर्वी ह्या कामाची वाटणी ठरलेली होती, हे खरे. गावगाड्यात लोहार हा बलुतेदार. कन्नड मुलखात बलुतेदारांना आयगार म्हणत आणि लोहाराला कम्मार. नावे निराळी, रीत तीच. सुगीच्या आधी विळे, खुरपी, कोयते, कुऱ्हाडी त्याच्या भात्यापुढे जात. पाते लाल होई, ऐरणीवर ठोकून पातळ होई, त्याला पाणी दिले जाई, आणि मोल खळ्यावर धान्यात चुकते होई. घरातली विळी त्याच फेऱ्यात, सर्वांच्या शेवटी, लोहाराकडे पोहोचे. शहरांत शिकलगार असत. हा शब्द 'सैकल' म्हणजे चकाकी देणे, ह्या अरबी-फारसी शब्दावरून आलेला. तलवारी आणि जंबिये गेल्यावर शिकलगाराकडे कात्र्या, सुऱ्या आणि वस्तरे उरले. त्याचे चाक कुरुंदाची पूड लाखेत कालवून केलेले असे. एकाने पट्टा ओढून चाक फिरवायचे आणि दुसऱ्याने पाते धरायचे. पुढे चाक सायकलवर चढले आणि एकट्याचे काम झाले. १९७३ सालच्या 'जंजीर' चित्रपटात जया भादुरी यांनी रंगवलेली नायिका रस्त्यावर सुऱ्यांना धार लावणारी आहे, हे वाचकांना आठवत असेल. पडद्यावर का होईना, हे काम बाईच्या हाती दिसले.

१९५६ च्या नोव्हेंबरात जुन्या बिदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे मराठी तालुके मुंबई राज्यात गेले, जहिराबाद आणि नारायणखेड आंध्रात, आणि बाकीचा जिल्हा म्हैसूर राज्यात. फिरत्या धारवाल्याला ह्या सीमा कधी आडव्या आल्या नाहीत. त्याच्या दगडाचे नावही सीमा मानीत नाही: मराठीत सहाण, कन्नडात साणे, हिंदीत सान, आणि मूळ संस्कृतातला शाण. हातात धरून वापरायच्या लहान दगडाला आपल्याकडे निसणा असाही एक छान शब्द आहे. तो आता कोशातच उरला आहे की काय, अशी शंका येते.

तर आता लोहाराचा भाता बहुतेक गावांतून थंडावला आहे आणि सायकलवाला दिवसेंदिवस विरळ दिसतो. म्हणून दगड ज्याने त्याने, म्हणजे जिने तिने, हाती घ्यावा. हे काम बळाचे नाही. एक दुपार शिकायला आणि मग आठवड्यातून पाच मिनिटे, एवढीच त्याची किंमत आहे.

धार म्हणजे काय, हे आधी समजून घेतले तर हात आपोआप वळतो. पात्याचे दोन उतार जेथे एकमेकांना मिळतात, ती रेघ म्हणजे धार. ती रेघ जितकी बारीक, तितका भाजीवर पडणारा दाब थोड्या जागेत एकवटतो आणि साल सहज उकलते. वापराने ती रेघ गोल होते, एका अंगाला कलते, मध्येच तिचा कण उडतो. मग तेच काम करायला दुप्पट जोर लागतो, आणि जोर लावलेली सुरी घसरली तर बोटावर येते. बोथट सुरी मुलांच्या हाती द्यायला बरी, असा समज आमच्याकडेही आहे. तो टाकून द्यावा. कांद्याचेही असेच. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी कांदा कापताना उडणाऱ्या थेंबांची जलद छायाचित्रे घेतली आणि २०२५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले: बोथट पात्याखाली कांद्याचा पापुद्रा आधी दबतो, आतला रस कोंडतो, आणि मग तो फुटून अधिक थेंब अधिक वेगाने उडतात. डोळ्यांतल्या पाण्याचा दोष आजवर आपण एकट्या कांद्याला देत आलो.

एका बाबतीत आपली विळी सुरीपेक्षा सरस आहे. सुरीची धार प्रत्येक कापाला खालच्या फळीवर आपटते. आणि ती फळी लाकडाची नसून दगडी ओटा किंवा स्टीलचे ताट असेल, तर धार आठवडाभरही टिकत नाही. विळीची धार भाजीखेरीज कशालाच लागत नाही. म्हणून विळी एकदा नीट लावली की पुष्कळ दिवस चालते. कन्नड शेजारणीची ईळिगे मणे, गोव्याकडची आदोळी, तंजावरच्या मराठी घरांना ठाऊक असलेली तमिळ अरुवामणै, बंगालची बोटी, ही सारी एकाच घराण्यातली अवजारे. ह्यांना दगड लावण्याची रीत सुरीहून थोडी निराळी आहे. तिच्याकडे पुढे वळू.

आता दगड कोणता? आमच्या मुलखातले तीन दगड आम्ही तिन्ही पारखून पाहिले. जांभा ह्या कामाला निरुपयोगी. तो सच्छिद्र, खडबडीत. त्याच्या भोकांत धार अडकते आणि तिला खांडे पडतात. काळा पाषाण बरा. पाट्याच्या पाठीवर विळी घासणाऱ्या आज्या आम्ही पाहिल्या आहेत, आणि जुन्या मऊ लोखंडाच्या पात्याला त्यावर कामचलाऊ धार येतेही. पण आजच्या पोलादी सुरीपुढे तो दमतो. आणि शहाबादी फरशी? ओट्याच्या कडेवर सुरी चार वेळा इकडून तिकडे फिरवण्याची सवय आमच्याकडे घरोघरी आहे. फरशी ही चुनखडीची. खनिजांचा कठीणपणा मोजण्याची जी एक ते दहा अशी पट्टी आहे, तिच्यावर चुनखडीतील मुख्य खनिजाचा आकडा तीन, चांगल्या सुरीच्या पोलादाचा साधारण सहाच्या आसपास. मऊ वस्तूने कठीण वस्तू झिजत नाही. त्या चार फेऱ्यांनी कललेली धार किंचित सरळ होत असेल, पण नवी धार निघत नाही. झिजते ती फरशीच. ओट्यांच्या कडांवर ज्या गुळगुळीत खाचा दिसतात, त्या ह्याची साक्ष देतात.

पोलादावर चालतो तो कुरुंद. त्याचा आकडा नऊ. जुन्या म्हैसूर राज्यात त्याच्या खाणी होत्या. पाश्चात्त्य खनिजशास्त्रातले 'कोरंडम' हे नाव आपल्या दक्षिणेकडच्या भाषांतूनच तिकडे गेले. अंगठीतले माणिक आणि नीलम हेही जातीने कुरुंदच, फक्त रंगाने भाग्यवान. आज हार्डवेअरच्या दुकानात जो करडा, दोन थरांचा दगड मिळतो, तो बहुधा कृत्रिम कुरुंदाचा किंवा कार्बोरंडमचा असतो. हा दुसरा पदार्थ एडवर्ड ॲचेसन ह्या अमेरिकन गृहस्थाला १८९१ साली कृत्रिम हिरे करण्याच्या खटपटीत सापडला. हिरे काही हाती आले नाहीत, पण जगातल्या सुऱ्यांची सोय झाली. ह्या दगडाची एक बाजू जाड कणांची असते, दुसरी बारीक. दगडावर आकडा लिहिलेला असेल, तर आकडा जितका मोठा तितका कण बारीक असे समजावे. मोडलेल्या धारेला दोनशे ते चारशेचा आणि नेहमीच्या कामाला हजाराच्या आसपासचा, एवढे घराला पुष्कळ झाले. त्यापुढचे तीन हजार, सहा हजारांचे जपानी दगड हौशी लोकांसाठी; भाकरी-भाजीच्या घराला त्यांची गरज नाही.

दगड आणवेपर्यंत थांबायचे नसेल, तर घरातच एक उपाय आहे. लोणच्याची चिनी मातीची बरणी रिकामी झाली की उपडी ठेवावी. तिच्या बुडाशी झिलई नसलेली एक खरखरीत कड असते. ती पोलादापेक्षा कठीण असते, आणि तिच्यावर सुरीची धार खरोखर सुधारते. कपाच्या बुडावरही हे जमते. पाहुण्यांसमोर करू नये, एवढेच.

सुरीपासून सुरुवात करावी. दगड पाण्यात पाच-दहा मिनिटे बुडवून ठेवावा. बुडबुडे यायचे थांबले की तो भिजला. मग ओल्या फडक्यावर, जाड कणांची बाजू वर करून ठेवावा, म्हणजे सरकत नाही. दगडावर गोडेतेल मात्र घालू नये. आमच्या भागात करडईचे तेल घरोघरी. हे तेल हवेत हळूहळू वाळून चिकट होते, दगडाची छिद्रे बुजवते, आणि मग तो दगड कायमचा गुळगुळीत होऊन बसतो. पाण्याचा दगड पाण्याचाच ठेवावा.

आता पाते किती तिरपे धरायचे? नवशिक्याचा गोंधळ होतो तो येथेच. दगडावर सुरी काटकोनात उभी धरा. तिला अर्धी खाली आणा. त्याच्याही निम्मी खाली आणा. आणि मग जरासे आणखी. पाते चार सेंटिमीटर रुंद असेल, तर त्याची पाठ दगडापासून साधारण सव्वा सेंटिमीटर उंच राहिली पाहिजे. करंगळीची जाडी डोळ्यांसमोर ठेवावी. कोन नेमका किती अंशांचा, ह्यापेक्षा तो शेवटपर्यंत सारखा राहतो की नाही, ह्याला महत्त्व अधिक. ते पडताळण्याची एक युक्ती आम्ही नेहमी सांगतो: धारेलगतच्या उतारावर शाईची रेघ ओढा आणि दगडावर दोन-तीन फेरे द्या. शाई धारेच्या टोकाशी तशीच राहिली, तर पाठ फार खाली आहे. टोकाशीच पुसली गेली आणि वर राहिली, तर पाठ फार उंच आहे. सारी सारखी पुसली गेली, तर हात बरोबर बसला.

फेरा सावकाश द्यावा, मुठीपासून टोकापर्यंत साऱ्या पात्यावर. दाब बेताचा, जणू दगडावरून साईचा पातळ थर काढायचा आहे. एका अंगाने दहा-पंधरा फेरे झाले की पाते उलटे न करता पाहायचे: दुसऱ्या अंगाने, पाठीकडून धारेकडे आणि धारेच्या बाहेर, अंगठा हलकेच सरकवावा. (धारेच्या लांबीवरून बोट कधीही फिरवू नये.) अंगठ्याला अतिशय बारीक खरखर लागेल. घासल्या गेलेल्या पोलादाची ती तारेसारखी कड पलीकडे वळलेली असते. कारखान्यांत तिला 'बर' म्हणतात. ही खरखर मुठीपासून टोकापर्यंत लागली, म्हणजे त्या अंगाचे काम संपले. जेथे लागत नाही, तेथे दगड अजून धारेपर्यंत पोहोचलेला नाही. मग दुसरे अंग. त्यानंतर दगड उलटून त्याच्या बारीक बाजूवर हलक्या हाताने एकेक फेरा आलटून पालटून, म्हणजे ती कड गळून पडते. शेवटी वर्तमानपत्राची जाड घडी किंवा जुना कातडी कमरपट्टा घेऊन, धार मागे ठेवून, पाते त्यावर आठ-दहा वेळा ओढावे. न्हावी वस्तरा चामोटीवर ओढतो, ते हेच. शंभरांतले नव्वद जण ह्या खरखरीची वाट न पाहता थांबतात आणि "आमच्या हातून होत नाही" म्हणतात. त्यांच्या हाताचा काही दोष नसतो. त्यांना कुठे थांबायचे ते कुणी सांगितलेले नसते.

काकूंच्या घरी हे सारे त्यांच्या नातसुनेने केले. न्हाणीमागचा दगड धुऊन आणला. शेवाळे आले होते, पण दगड जातिवंत होता. पहिल्या सुरीला तिला पाऊण तास लागला, दुसरीला वीस मिनिटे. काकू पायरीवर बसून मान हलवीत होत्या. टोमॅटोची चकती आपोआप खाली पडली, तेव्हा म्हणाल्या, "आता माझी विळी घे."

विळीला मात्र दगडाकडे नेता येत नाही, दगडच विळीकडे न्यावा लागतो. शिवाय पाते आतल्या अंगाला वळलेले; त्यावर सपाट दगड टेकत नाही. त्यासाठी विळे-कोयत्यांना वापरतात तो होडीच्या आकाराचा, दोन्ही टोकांना निमुळता दगड घ्यावा. घडीची विळी असेल, तर आधी तिची खीळ घट्ट आहे ना ते पाहावे. डुगडुगणाऱ्या पात्याला धार लागत नाही. मग विळी फिरवून ठेवावी, म्हणजे धारेचे तोंड आपल्यापासून पलीकडे आणि पात्याची पाठ आपल्याकडे येईल. पाट पायाने पक्का दाबावा. काही विळ्यांच्या पात्याला एकाच अंगाने उतार असतो, काहींच्या दोन्ही. तो पाहून घ्यावा आणि जो उतार आहे त्यावरच दगड टेकवून, बुडापासून टोकाकडे, धारेच्या लांबीने फिरवावा. बोटे दगडाच्या पाठीवर, कडेच्या आत. घाई केली तर येथे इजा होते, म्हणून लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये. टोकाला खवणी असेल तर तिच्या दात्यांना दगड लावू नये. एकच उतार असलेल्या विळीला दुसऱ्या अंगाने फक्त शेवटी एकदोन वेळा दगड सपाट टेकवून खरखर काढायची.

काही पाती घरी घेऊ नयेत. कात्री, दातेरी विळा, पावाची करवती सुरी, आणि मोठा खांडा पडलेली कोणतीही धार, ही कामे जाणत्या हाताची. धारवाल्याची रोजी बुडावी अशी आमची मुळीच इच्छा नाही. तो दारी आला तर त्याला ही कामे अवश्य द्यावीत. फक्त त्याचे चाक विजेचे आणि कोरडे असेल, तर डोळ्यांदेखत काम करून घ्यावे. पोलादाला 'पाणी' दिलेले असते, म्हणजे ते तापवून एकदम थंड करून कठीण केलेले आणि मग बेताने शेकून चिवट केलेले असते. कोरड्या चाकावर ठिणग्या उडू लागल्या की धारेलगतचा पातळ भाग क्षणात तापतो. साधे पोलाद दोनशे अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की त्याचा कठीणपणा उतरू लागतो. धारेवर प्रथम पिवळट आणि तीनशेच्या सुमारास निळा रंग चढतो. निळा रंग दिसला तर समजावे, पाणी उतरले. ती सुरी त्या दिवशी झकास कापते आणि चार दिवसांनी पुन्हा बोथट होते. दोष सुरीला दिला जातो. ओल्या दगडावर हाताने घासलेले पाते असे कधीच तापत नाही. हाच घरच्या दगडाचा मोठा गुण.

पाण्याची ही विद्या आपल्याकडे फार जुनी. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत खड्गाला पाणी देण्याच्या कृती सांगितल्या आहेत. आणि पोलादाचे म्हणाल, तर एके काळी ते ह्याच टापूच्या शेजारी होत असे. पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील, आजच्या तेलंगणच्या निजामाबाद जिल्ह्यातील कोनसमुद्रम ह्या गावी होणाऱ्या पोलादाचे हेन्री व्हॉयसे यांनी लिहिलेले वर्णन १८३२ साली प्रसिद्ध झाले. तेथला माल इराणपर्यंत जात असे. इंग्रजांनी ह्या पोलादाला 'वुट्झ' नाव दिले, ते कन्नडातील 'उक्कु' ह्या शब्दाचा अपभ्रंश असावे असे पुष्कळ अभ्यासक मानतात. आमच्या शेजाऱ्यांच्या भाषेतला हा शब्द जगभर फिरून आला, ह्याचा आम्हां मराठी माणसांनाही अभिमान वाटायला हरकत नाही.

बिदरमध्येच धारेवर ज्यांचे पोट आहे असे कारागीर अजून आहेत. बिदरी कामात जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात, त्यावर बारीक छिन्नीने वेलबुट्टी कोरतात, त्या चरांत चांदीची तार ठोकून बसवतात, आणि शेवटी किल्ल्यातली माती व नवसागर ह्यांच्या द्रावणाने भांडे काळेभोर करतात. कोरणाऱ्याच्या छिन्नीचे टोक जरा बसले की चराची कड फाटते आणि तार धरत नाही. म्हणून तो ते टोक पुन्हा पुन्हा दगडावर लावून घेतो; ज्याचे अवजार, त्याच्याच हाती त्याची धार. आपल्या स्वयंपाकघरात ही साधी गोष्ट का रुजली नाही, ह्याचा विचार घरातल्या पुरुषांनीही करावा.

धार लावल्यानंतरचे दोन शब्द. जुन्या लोखंडी विळीला गंज आणि आंबट दोन्ही शत्रू. लिंबू, चिंच, कैरी, टोमॅटो चिरून पाते तसेच ठेवले, तर सकाळपर्यंत धार खाल्ली जाते. लगेच धुऊन, कोरड्या फडक्याने पुसून, पावसाळ्यात बोटभर खोबरेल पुसट लावून ठेवावी. स्टेनलेसच्या सुरीला गंजाचे भय कमी. पण बाजारात स्वस्त मिळणारी स्टेनलेसची सुरी बहुधा मऊ असते, तिला दगड लवकर लवकर दाखवावा लागतो. खंडेनवमीला आपण घरातली हत्यारे घासूनपुसून त्यांची पूजा करतो. कर्नाटकात तीच आयुधपूजा. विळीलाही हळदकुंकू लागते. त्याच्या आदल्या दिवशी ती दगडावरून फिरवून घ्यावी, हा नेम काकूंच्या घरी आता नातसुनेने धरला आहे, आणि शेजारच्या दोघीतिघी आपल्या विळ्या घेऊन तिच्याकडे येतात. ती त्यांना विळी लावून देत नाही. दगड हातात देते आणि बाजूला बसते.

दगडाचीही निगा राखावी लागते. वापरता वापरता तो मध्ये झिजून खोलगट होतो, आणि खोलगट दगडावर कोन सारखा राहत नाही. येथे मात्र शहाबादी फरशी कामास येते. अंगणातला एखादा सपाट तुकडा घ्यावा, त्यावर चाळलेली बारीक वाळू आणि पाणी टाकावे, आणि दगड पालथा घालून गोल गोल घासावा. घासण्यापूर्वी दगडावर पेन्सिलीने आडव्याउभ्या रेघा ओढाव्यात. मधल्या रेघा पुसल्या गेल्या की दगड सपाट झाला. मग तो स्वच्छ धुऊन सावलीत वाळवावा. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये, तडकतो.